शेजारणीच्या करंज्या, सासूबाईंचा चहा

"मावशी, सलाम. मी चिंचवडला राहते, माहेर राहुरीकडचं. मिस्टर चाकणला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. दोन मुलं आणि सासूबाई. त्यांना गेल्या वर्षी लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं. मी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला मंडळाची सेक्रेटरी आहे. यंदा पाळकसाहेबांनी सगळ्यांना एकेक वही दिलीय. रोज प्रीतीचं एक कृत्य करायचं, वहीत लिहायचं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी साक्ष द्यायची, म्हणजे सगळ्यांसमोर सांगायचं. नाताळात आम्ही स्टेशनवर ब्लँकेटं वाटली, फोटो ग्रुपवर टाकले. मी स्वतःचे दोन हजार घातले, त्यामुळे कामवाल्या ताईंचा पगार जरा पुढे गेला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू एकट्या असतात, मुलगा बंगळुरूला. त्यांना नाताळच्या फराळाचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर वॉचमनच्या टेबलावर माझा डबा, माझ्याच करंज्या! खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, काकू बोलत होत्या की 'यांच्यात असं वाटावंच लागतं, माणसं ओढायला.' फार लागलं मला. आणि घरी मी सासूबाईंवर खेकसते. चहा सांडला की डोकंच फिरतं. मिस्टर म्हणतात, प्रार्थना कर. वही कोरी आहे. ख्रिस्ताची प्रीती रोजच्या वागण्यात दाखवायची म्हणजे नेमकं काय करायचं? मी हे कुणाच्या नावानं करते ते काकूंना सांगू का?"

— सु., चिंचवड

प्रिय सु., सलाम.

पत्रात तू तीन दुखणी मांडलीस. काकू, सासूबाई आणि कोरी वही. चौथं तुला दुखणं वाटलंच नाही, म्हणून ते एका ओळीत उरकलंस. मी तिथूनच सुरू करते. ब्लँकेटांना दोन हजार दिलेस आणि कामवाल्या ताईंचा पगार पुढे ढकललास.

त्या आठवड्यात ताईंच्या घरी काहीतरी तटलंच असणार. खोलीचं भाडं असेल, वाण्याची उधारी असेल, पोराची फी असेल. म्हणजे स्टेशनवरच्या ब्लँकेटांतली काही ताईंच्या पैशातली होती, फोटोत मात्र त्या नव्हत्या. यापुढे एक तारखेला पगार त्यांच्या हातात. मंडळाची वर्गणी त्यानंतर, चर्चला द्यायचा दशांशसुद्धा त्यानंतर. कुणी नाक मुरडलं तर मार्कचा सातवा अध्याय उघडून समोर ठेव. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलंय असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूनं तिथे चांगलंच सुनावलंय. देवाचं नाव पुढे केलं की माणसांचं देणं फिटतं, ही युक्ती त्याच्यापुढे चालत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर विचारते. ताईंचा चहाचा कप वेगळा आहे का? तुझ्याकडे नसेलही, पण आपल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत तो असतो. सिंकच्या कडेला उपडा घातलेला, कान तुटलेला. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आपल्या बहुतेकांच्या पणजोबा-पणजींना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, ओंजळीत वरून पाणी घालत होते. हे तू घरात ऐकलेलं असणार. त्यांच्या पणत्यांनी कामवाल्या बाईचा कप बाजूला ठेवावा, याला मी तरी सवय म्हणून सोडून देणार नाही. वेगळा असेल तर तो आजच टाक, आणि टाकलास म्हणून कुठे साक्ष द्यायला जाऊ नकोस.

आता 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर'. हे वचन आपण प्रभूच्या तोंडून ऐकतो, पण तो ते जुन्या करारातून सांगत होता. लेवीय 19, वचन 18. लेवीय म्हटलं की आपल्याला यज्ञ, रक्त आणि कुष्ठरोगाचे नियम आठवतात आणि आपण पानं उलटून पुढे जातो. एकदा तो एकोणिसावा अध्याय सलग वाच. शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, खाली पडलेला सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. चहाड्या करत फिरू नका. भावाचा मनात द्वेष धरू नका, त्याला बोलायचं ते समोर बोला. हे सगळं सांगून झाल्यावर मग येतं ते शेजाऱ्याचं वचन. आणि तिथेही अध्याय थांबत नाही. पिकल्या केसांसमोर उठून उभे राहा, परक्यावरही स्वतःसारखी प्रीती करा, तराजू आणि मापं खरी ठेवा, असं चालूच राहतं.

तू राहुरीची. सरवा म्हणजे काय हे तुला सांगायला नको. बाजरी निघाली, भुईमूग निघाला की मागून बाया-पोरं वेचायला येतात. शेतकरी त्यांना रांगेत उभं करून, प्रार्थना करून, मूठमूठ वाटत बसत नाही. तो शेताची कड तेवढी सोडतो आणि घरी जातो. ज्याला हवं तो येतो, आपल्या हातानं वेचतो, ताठ मानेनं जातो. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे दिसतं. रोजची प्रीती अशी असावी की घेणाऱ्याला ती आपल्या हातानं घेता यावी, किंवा नको म्हणता यावं. तुझा फराळाचा डबा आणि मंडळाची ब्लँकेटं या कसोटीवर लावून बघ. ब्लँकेट घेताना कॅमेऱ्याकडे बघायला नको, असं स्टेशनवरच्या किती जणांना म्हणता आलं असेल? थंडी वाजत असलेला माणूस नाही म्हणत नाही. फोटो बंद करा. सेक्रेटरी तूच आहेस, ठराव तूच मांड.

वहीचं मी थोडक्यात सांगते, कारण पाळकसाहेबांचा हेतू चांगलाच असणार. मत्तय 25 मध्ये उजव्या बाजूला उभ्या असलेल्या लोकांना राजा सांगतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खाऊ घातलंत, आजारी होतो तेव्हा भेटायला आलात. त्यावर ते गोंधळून विचारतात, कधी बरं? त्यांना आठवतच नाही. वही लिहिली असती तर पान काढून दाखवता आलं असतं, नाही का? तुझी वही कोरी आहे याचं मला काही वाईट वाटत नाही. शेवटच्या रविवारी उभी राहा आणि सरळ सांग, मला हे लिहायला जमत नाही. निम्मी मंडळी सुटकेचा श्वास सोडेल.

आता सासूबाई. नर्सिंगमध्ये माझं आयुष्य गेलं, तेही मिशन हॉस्पिटलात, त्यामुळे इथे मी जरा लांबण लावणार आहे.

लकव्याच्या माणसाची सेवा नुसत्या मायेनं होत नाही. ती शिकावी लागते. वॉर्डात आम्ही प्रेमळ मुलगी आणि शिकलेली मुलगी यांतला फरक पहिल्याच दिवशी ओळखायचो. प्रेमळ मुलगी पेशंटला उठवताना दुबळा हात धरून ओढायची आणि पेशंट कळवळायचा. तू तसं करतेस का, बघ. उजव्या हाताला किंवा उजव्या बगलेत धरून ओढायचं नाही. लुळ्या खांद्याचा सांधा सैल पडतो, तो निसटतो आणि मग महिनोन् महिने ठणकतो. पाठीमागून हात घालून, त्यांना सांगून, त्यांच्या डाव्या बाजूचा जोर वापरून उठवायचं. गाऊन घालताना आधी उजवा हात बाहीत, काढताना उजवा हात शेवटी. एवढं केलंस तरी सकाळची निम्मी झटापट कमी होईल आणि निम्मं खेकसणंही.

चहा. उजव्या हातात कप धरवत नाही आणि डाव्याची सवय नाही, सांडणारच. त्यांना ताठ बसव, पाठीला उशा लाव, पलंगावर आडवं असताना काही देऊ नकोस. मोठ्या कानाचा मग घे, अर्धाच भर, आणि खाली ओला नॅपकिन ठेव म्हणजे मग सरकत नाही. तू उभी राहून पाजू नकोस, त्यांच्या समोर, डोळ्यांच्या पातळीला बस. उभ्या माणसाकडे बघून पिताना मान वर जाते आणि घोट चुकीच्या नळीत जातो. हनुवटी किंचित खाली हवी. एक घोट, मग थांब. गिळला हे दिसल्याशिवाय दुसरा नाही. खाल्ल्यावर उजव्या गालात घास राहिलाय का ते बोटानं नाही, चमच्यानं बघ. त्या बाजूला त्यांना कळत नाही. नंतर अर्धा तास तरी बसवून ठेव. आणि पातळ चहा पिताना रोज ठसका लागत असेल तर ते मात्र डॉक्टरांना सांगच. पातळ पदार्थ फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया होऊ शकतो. गिळायला शिकवणारे थेरपिस्ट असतात, आणि दाट पदार्थ कसे करून द्यायचे तेही ते सांगतात.

पडून असतील तेव्हा दर दोन तासांनी कूस बदल. कमरेचं हाड, टाचा, खुबे रोज उघडून बघ, लाली दिसली तर त्या अंगावर झोपवू नको. बोलताना शब्द सापडत नाहीत म्हणजे समज गेली असं धरून चालू नको. त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल 'जेवली का ती?' असं मुलांना विचारू नकोस, त्यांनाच विचार. प्रश्न असा विचार की हो किंवा नाही म्हणून भागावं, आणि मग थांब. सु., हे थांबणं सगळ्यात अवघड. त्या अर्धं वाक्य शोधत असतात आणि आपण कुकरची शिट्टी मोजत असतो. कधी त्या उगाच रडतील, कधी भलत्या वेळी हसतील. मेंदूला मार बसल्यावर असं होतं, तुला चिडवायला त्या ते करत नाहीत.

प्रीती म्हणजे हे का, असं तुला वाटेल. चहाचा मग, ओला नॅपकिन! पण चुकलेला घोट तू वाचवलास तर त्यांची रात्र खोकण्यात जात नाही. प्रीती प्रत्यक्षात उतरते ती अशी. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीचं वर्णन 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' इथून सुरू होतं, आणि लग्नात तो अध्याय आपण इतका वाचतो की त्यातली काही वाक्यं कानावर पडेनाशी झालीत. 'अपकार स्मरत नाही' हे त्यातलं एक. सासूबाई बऱ्या होत्या तेव्हा तुला काय काय बोलल्या असतील, ते मला ठाऊक नाही. तू पत्रात लिहिलं नाहीस. पण चहा सांडल्यावर नुसत्या चहासाठी कुणाचं डोकं इतकं फिरत नाही. जुनं काही असेल तर ते या अवस्थेत त्यांच्याकडून वसूल करता येणार नाही, त्या उत्तरही देऊ शकत नाहीत. माझ्याकडे लिही, एखाद्या जाणत्या बहिणीजवळ मन मोकळं कर, हवं तर समुपदेशकाकडे जा. आणि खेकसलीस की लगेच, साध्या शब्दांत त्यांना म्हण, "आई, चुकलं माझं, दमले होते." त्यांना कळेल.

दमलीस मात्र खरी. इथे मला तुझ्या मिस्टरांशी बोलायचंय.

बाबा रे, आई तुझी आहे. 'प्रार्थना कर' हा सल्ला देऊन कूस बदलायची असेल तर आधी आईची कूस बदल, मग स्वतःची. तांबड्या समुद्राच्या काठी मोशे देवाचा धावा करत होता तेव्हा देवानं त्याला काय सांगितलं ते निर्गम 14 मध्ये वाच: माझा धावा काय करतोस, लोकांना पुढे चालायला सांग. सेकंड शिफ्ट असेल तेव्हा तुझी सकाळ मोकळी असते. आईची अंघोळ, नाश्ता, औषधं तुझ्याकडे. फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा संध्याकाळचा चहा तुझ्याकडे, वर सांगितलाय तसा, समोर बसून. आईला अंघोळ घालायला मुलाला संकोच वाटतो, आईलाही वाटतो, मान्य. मग अंग पुसणं बायकोकडे राहू दे आणि उचलणं, व्यायाम, रात्रीची एक पाळी तू घे. हात-पाय हलवण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून स्वतः शिकून ये, बायकोला निरोप देऊन नाही.

आणि सु., तूही एक ऐक. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सांगतो ती जखमा बांधण्यापर्यंत सांगतो. त्यानं तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणाला, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. आणि तो गेला, आपल्या कामाला! प्रभूला त्यात काही वावगं वाटलेलं नाही. उलट त्यालाच त्यानं नमुना ठरवलं. प्रीतीला दुसऱ्याचा हात घेता येतो, पैसे मोजता येतात, काम वाटून देता येतं. दिवसा चार तास मदतनीस बाई परवडत असेल तर ठेव. नसेल परवडत तर तुझं महिला मंडळ कशासाठी आहे? स्टेशनवर जाण्याआधी आठवड्यातली एक दुपार दोघीजणी तुझ्याकडे येऊन बसोत, आणि तू आतल्या खोलीत दार लावून झोप. मंडळीत आणखी कितीतरी घरांत असं कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल. पाळी लावून घरोघरी जाता येईल.

काकूंकडे येते.

पहिलं म्हणजे, जे वाक्य तुला लागलं ते काकूंनी तुला ऐकवलेलं नाही. खालच्या बाईंनी आणून दिलं. चहाड्यांबद्दल लेवीय काय म्हणतो ते वर आलंच आहे. करंज्या वॉचमनला गेल्या याची कारणं माझ्या डोक्यात भराभर येतात. काकूंना साखर असेल. दातांना सोसत नसेल. एकट्या बाईला डबाभर फराळ संपत नसेल. आणि आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. त्यांना काहीतरी करून, त्यात घालून, तुझं दार वाजवावं लागलं असतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ते सुद्धा जड होतं. बरं, वॉचमनला करंज्या मिळाल्या हे काही वाईट झालं नाही. त्याला तू डबा दिला होतास का?

आता समजा, काकू तसं खरंच म्हणाल्या. मग तो संशय एकट्या काकूंचा नाही आणि कालपरवाचाही नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवा मुलींनी शिकावं म्हणून. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पण सदनात कुणावर धर्म लादायचा नाही असं ठरलेलं होतं आणि मुलींना आपापले आचार पाळायची मुभा होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार मात्र उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून 1893 मध्ये पुण्यात केवढा गदारोळ झाला! केसरीनं झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही आणि सदनही बंद केलं नाही. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंचं त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. त्या हिंदूच राहिल्या, आणि आनंदीबाई कर्वे म्हणून पुढे विधवांच्या शिक्षणासाठीच झटल्या. मग 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या आणि केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे नुसतं जेवण नव्हतं. शेती, विणकाम, छपाई शिकवत, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत.

हे सगळं तुला का सांगितलं? संशय आला म्हणून काम थांबत नाही, हे एक. आणि दुसरं जरा कडू आहे. संशय घेणाऱ्याला दरवेळी वेड्यात काढता येत नाही. मदतीच्या पिशवीत हळूच पत्रक सरकवणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसून सौदा केल्यासारखी प्रार्थना करणारे आपल्यातही आहेत, तू आणि मी दोघींनी पाहिलेत. काकूंच्या डोळ्यांपुढे कदाचित तेच असेल. त्याला उत्तर बोलून देता येत नाही. वर्ष-दोन वर्षं समोरासमोर राहून, काही न मागता, ते आपोआप मिळतं. किंवा मिळतही नाही, आणि तरी आपण लिफ्टचं दार त्यांच्यासाठी धरतोच.

काकूंना काय हवंय हे तुला माहीत आहे का? तू त्यांना तुझ्याकडे होतं ते दिलंस. पत्रात त्यांच्या घरातलं एकही काम, एकही अडचण लिहिलेली नाही, म्हणजे अजून त्या दाराच्या आत तू गेलेली नाहीस. एकट्या राहणाऱ्या बाईच्या अडचणी बहुधा ठरलेल्या असतात. सिलिंडर हलवणं. बँकेचा ओटीपी. लाइट बिल ऑनलाइन भरणं. डोळ्यांत थेंब घालायला दुसरं माणूस नसणं. रात्री बाथरूममध्ये पाय घसरला तर कळणार कुणाला, ही भीती. शेवटच्या गोष्टीसाठी दोन घरांत साधा ठराव करता येतो: सकाळी दुधाची पिशवी आठपर्यंत आत गेली नाही तर बेल वाजवायची. त्यांच्या मुलाचा नंबर तुझ्याकडे, तुझा त्याच्याकडे. पण हे तू ठरवून त्यांच्यावर लादू नकोस. विचार, आणि त्या नको म्हणाल्या तर नको.

त्याही आधी तू त्यांच्याकडे काहीतरी माग. याकोबाच्या विहिरीवर प्रभू त्या शोमरोनी बाईशी पहिल्यांदा बोलला ते काय बोलला? मला प्यायला पाणी दे. यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, आणि इथे यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागतो, तिलाही आश्चर्य वाटलं. त्याला तिला काही द्यायचं होतं, पण सुरुवात त्यानं मागण्यापासून केली. आपण सेवाभावी माणसं इथे हमखास चुकतो. आपल्याला सतत देणाऱ्याच्या जागी उभं राहायचं असतं, आणि घेणाऱ्याचं ओझं समोरच्यानं वाहायचं. काकूंकडे मेतकुटाचं प्रमाण विचारायला जा. लोणचं खराब का होतं ते विचार. मुलाचं मराठी कच्चं असेल तर, "काकू, संध्याकाळी अर्धा तास याला वाचायला बसवाल का तुमच्याकडे?" असं विचार. सासूबाईंकडे बसायला बोलाव. दोघी एका वयाच्या असतील, एकीला बोलता येत नाही आणि दुसरीला बोलायला कुणी नाही.

काकू संक्रांतीला तिळगूळ देतील, तो तिथेच तोंडात टाक. दिवाळीचा फराळ आला तर घरी नेऊन सगळ्यांनी आवडीनं खा, आणि डबा रिकामा परत देऊ नको. आपल्यातली काही घरं शेजारचा फराळ घेतात आणि गुपचूप कचऱ्यात टाकतात. मग काकूंनी तुझ्या करंज्या वॉचमनला दिल्या त्या बऱ्याच म्हणायच्या. देवापुढचा प्रसाद असेल तर ज्यानं त्यानं आपल्या विवेकाला विचारावं. करिंथच्या मंडळीलाही हाच प्रश्न होता आणि पौलानं त्यावर पानंच्या पानं लिहिली. नाही घ्यायचा तर हसून, हात जोडून नाही म्हण, तोंड वाकडं करू नको.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न. कुणाच्या नावानं करतेस ते सांगायचं का? तू सेक्रेटरी आहेस, दर रविवारी पांढरी साडी नेसून, हातात शास्त्र घेऊन जिना उतरतेस, नाताळात दाराला तारा लावतेस. काकूंना ठाऊक आहे. पेत्रानं लिहिलंय की तुमच्या आशेचं कारण जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेनं द्या. विचारील त्याला, हे लक्षात ठेव. काकूंनी विचारलं की "तू हे का करतेस गं?", तर लपवू नको आणि लांबवूही नको. "काकू, प्रभूनं माझ्यावर प्रीती केली म्हणून" एवढं म्हण, आणि त्यांचा सिलिंडर आत सरकवून रेग्युलेटर नीट बसलाय का ते बघून ये.